घसा सरकला, माप तेच राहिलं: एका ६.५ क्रीडमूर रायफलीचा प्रकरण अभ्यास

फिनिक्समधल्या एका मराठी नेमबाजाची ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल गेल्या वर्षी अचानक फाकायला लागली. शंभर यार्डांवर पाच गोळ्या अर्ध्या इंचात बसवणारी नळी इंचभर, कधी त्याहूनही पसरट ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, देऊ लागली. काडतुसं तो घरीच भरतो. बंदुकीची दारू तीच, वजन तेच, ती पेटवणारे प्रायमर त्याच कंपनीचे, पितळी केस (काडतुसाची कवचं) त्याच लॉटच्या आणि गोळी बसवायच्या डायचं, म्हणजे साच्याचं, सेटिंग तसूभरही हललेलं नाही. "मी तर काहीच बदललं नाही दादा. नळी संपली का हो माझी?" असा त्याचा फोन आला. मूळचा अमरावतीचा हा तरुण हिशोबाचा पक्का आहे आणि प्रत्येक काडतुसाची नोंद वहीत ठेवतो. तरीही त्याचं घोडं अडलं होतं, आणि ते कुठे अडलं हे बघण्यासारखं होतं, म्हणून हे सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे सगळं ॲरिझोनातलं आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरलं तर लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस तयार करणं गुन्हा आहे, त्यामुळे महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांनी समजून घेण्यापुरतंच वाचावं. आणि इथे आलेल्या आपल्या मुलांनीही लक्षात ठेवावं की एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असताना बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही इथल्या केंद्रीय कायद्याची बंदी आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते नीट वाचून, विचारूनच. आपला हा गडी ग्रीन कार्डावर आहे.

आता विषय. रायफलीच्या नळीत आतून पीळ दिलेले आटे असतात. ते चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, तोंडाशीच सुरू होत नाहीत. मध्ये थोडी मोकळी, गुळगुळीत जागा असते, तिला थ्रोट म्हणतात, आपण घसा म्हणू. प्रायमर फुटला, दारू पेटली की गोळी केसच्या मानेतून सुटते, हा घसा ओलांडते आणि मग आट्यांना भिडते. त्या मधल्या अंतराला जंप म्हणतात. ती थाउमध्ये मोजतात, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये ज्यांनी हयात घालवली त्यांना थाउ काय असतो हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी, चाळीस थाउ म्हणजे साधारण एक मिलिमीटर.

गोळी केसमध्ये किती खोल बसवायची हे भरणाऱ्याच्या हातात असतं. वर ठेवली तर जंप कमी, खोल दाबली तर जास्त. आणि बहुतेक नळ्या या अंतराबद्दल चोखंदळ असतात. एका जंपला गोळ्या एकमेकींना चिकटून बसतात, वीस थाउ पुढेमागे झालं की फाकतात. असं का होतं यावर जाणकारांत एकमत नाही. कोणी म्हणतं गोळी आट्यांत शिरताना सरळ शिरते की किंचित तिरकी, यावर ठरतं. कोणी म्हणतं दाब चढण्याची वेळ बदलते आणि नळी थरथरत असताना गोळी कोणत्या क्षणी बाहेर पडते तो क्षण बदलतो. मला पहिलं कारण जास्त पटतं, कारण गोळीच्या नाकाच्या आकाराप्रमाणे हा चोखंदळपणा बदलतो. सिएरा कंपनीच्या १६८ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं एकक) मॅचकिंगसारखी टँजंट ओजाइव्हची (ओजाइव्ह म्हणजे नाकाकडचं वळण) गोळी अंगापासून नाकाकडे हळूच वळते, आट्यांत शिरताना स्वतःला सरळ करून घेते आणि जंपचं फार मनावर घेत नाही. सीकंट ओजाइव्हच्या लांब, निमुळत्या गोळ्या हवा छान कापतात, पण जंपच्या बाबतीत हट्टी असतात. बर्जरच्या हायब्रिड गोळ्यांत दोन्ही वळणं एकत्र केली आहेत ती याच कारणाने.

या प्रकरणातली गोळी होती हॉर्नेडी कंपनीची १४० ग्रेन ईएलडी मॅच, सीकंट घराण्यातली. रायफल बोल्ट ॲक्शनची (बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा दांडा), नळी २४ इंची, दर ८ इंचांना एक पीळ. ६.५ क्रीडमूर हे काडतूस हॉर्नेडीने २००७ मध्ये आणलं ते लक्ष्यावरच्या नेमबाजीसाठीच, आणि आज लांब पल्ल्याच्या क्लब सामन्यांत ते सगळीकडे दिसतं. वहीप्रमाणे नळीतून अठराशेच्या आसपास गोळ्या गेल्या होत्या. या काडतुसाची नळी दोन-तीन हजारांपर्यंत सामन्याच्या लायकीची राहते असा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणजे नळी तरुण नव्हती, पण मोडीतही निघाली नव्हती.

फोन आला तोवर त्याने दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या. दारूचा नवा डबा उघडला होता आणि दुर्बिणीचे स्क्रू पुन्हा टॉर्क रेंचने आवळले होते. फरक शून्य. मी त्याला क्रोनोग्राफचे, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे मागितले. पहिला धागा तिथे सापडला. गोळीचा सरासरी वेग नळी नवी असतानापेक्षा सेकंदाला पंचवीस-तीस फुटांनी उतरला होता, पण एका गोळीपासून दुसरीपर्यंतचा चढउतार पूर्वीइतकाच लहान होता. दारू, वजन, प्रायमर किंवा मानेची पकड बिघडली असती तर बहुधा हा चढउतार आधी वाढला असता. भरण्याचं काम चोख होतं. वेग मात्र सगळ्यांचा मिळून उतरला होता, आणि तोच भार (दारूचं वजन) भरूनही वेग असा सरसकट उतरला की संशय पुढे घशावर जातो.

दुसरा धागा त्याला स्वतःला दिसला होता, पण त्याने तो बाजूला ठेवला होता. याच गोळीची कारखान्यात भरलेली काडतुसं त्याच्याकडे होती. वैतागून त्याने ती मारली, तर ग्रुप त्याच्या हातभरणीपेक्षा लहान आला. "लाज वाटली दादा, म्हणून वहीत लिहिलं नाही," तो म्हणाला. मला तर तो अख्ख्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा ग्रुप वाटला. कारखान्याचं काडतूस चांगलं बसलं म्हणजे नळी शाबूत, दुर्बीण शाबूत, स्टॉकची, म्हणजे दस्त्याची, बैठक शाबूत आणि नेमबाजही शाबूत. एका फटक्यात चार संशयित सुटले. शिवाय व्हर्नियर लावला तर कारखान्याच्या काडतुसाची एकूण लांबी २.८०० इंचांच्या आसपास भरली. त्याचं स्वतःचं काडतूस २.८४० चं. म्हणजे जास्त खोल बसवलेली गोळी त्या नळीला जास्त मानवत होती.

मग मोजणीला बसलो. आधी चेंबर साफ केला, कारण केसच्या तोंडापुढे काजळीचं कडक कडं धरतं आणि ते असेपर्यंत घशातलं कुठलंही माप विश्वासाचं नसतं. बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आत बघायची बारीक दुर्बीण, आत घातला, तेव्हा आट्यांच्या सुरुवातीला पोलादावर आटलेल्या तळ्याच्या तळाशी पडतात तशा बारीक भेगांचं जाळं दिसलं. जळत्या दारूच्या झोताने पोलाद पुन्हापुन्हा तापतं, निवतं, ठिसूळ होतं, त्याचे कण वाहून जातात आणि आट्यांची सुरुवात पुढे पुढे सरकत राहते. हे प्रत्येक नळीचं होतं, यात कुणाचा दोष नाही.

माप घ्यायच्या दोन-तीन पद्धती आहेत. हॉर्नेडीचा गेज सोपा आहे, पण गोळी पुढे ढकलताना हाताचा जोर कमीजास्त झाला की पाच-सात थाउ इकडचे तिकडे होतात. मला बोल्ट मोकळा करून घेतलेलं माप जास्त भरवशाचं वाटतं. बोल्टमधली प्रायमरवर आदळणारी फायरिंग पिन आणि केस बाहेर फेकणारा इजेक्टर, दोन्ही काढायचे. मग याच चेंबरमधून निघालेल्या केसमध्ये, दारू आणि प्रायमर न घालता, गोळी मुद्दाम वर बसवायची आणि हे डमी काडतूस चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करायचा. गोळी आट्यांत रुतली असेल तर हँडल जड जातं, आणि उघडताना वर उचललं की बोटांना बारीकसा टक लागतो, रुतलेली गोळी सुटल्याचा. मग गोळी एक-दोन थाउ खोल करायची, पुन्हा बंद, पुन्हा उघड. एक वेळ अशी येते की हँडल आपल्या वजनाने खाली पडतं आणि उचलताना टक लागत नाही. तिथे गोळी आट्यांना जेमतेम टेकलेली असते. त्या रात्री गॅरेजमध्ये हा टक नाहीसा झाला तेव्हा त्याने तीनदा परत करून पाहिलं. माप एका थाउच्या आत तेच आलं.

हे माप गोळीच्या टोकापर्यंत घेऊन उपयोग नसतो. टोकं कमीजास्त असतात, एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांतही. माप घ्यायचं ते केसच्या बुडापासून गोळीच्या ओजाइव्हवरच्या ठरलेल्या व्यासापर्यंत, व्हर्नियरला कम्पॅरेटर, म्हणजे त्या व्यासावर टेकणारं जोडसाधन, लावून. आणि इथे त्याच्या नीटसपणाचं सोनं झालं. नळी नवी असताना ज्या गोळीने हे माप घेतलं होतं ती गोळी त्याने तारीख लिहून पुडीत जपून ठेवली होती. गोळ्यांचा लॉट बदलला की ओजाइव्ह काही थाउंनी सरकलेला असतो, आणि मग जुन्या-नव्या मापांची तुलना खोटी पडते. त्याच गोळीने, त्याच कम्पॅरेटरने मोजलं तेव्हा उत्तर स्वच्छ आलं. आटे ४१ थाउ पुढे गेले होते.

डायचं सेटिंग हललं नव्हतं, म्हणून काडतुसाचं माप तेच राहिलं होतं. पण सुरुवातीला ज्या काडतुसाची जंप वीस थाउ होती, त्याच काडतुसाची आता एकसष्ट झाली होती. तो "काहीच बदललं नाही" म्हणत होता ते काडतुसापुरतं खरं होतं.

यावर क्लबातला सरधोपट सल्ला म्हणजे आट्यांचा पाठलाग करा, गोळी एक्केचाळीस थाउ वर घ्या, जंप पुन्हा वीसवर आणा. इथे तो चालणार नव्हता. असं केलं तर काडतुसाची लांबी २.८८१ इंच होते, आणि त्याच्या मॅगझिनमध्ये २.८६० च्या वरचं काडतूस सुरळीत सरकत नाही. सामन्यात घड्याळ चालू असताना एकेक काडतूस हाताने घालणं म्हणजे हार मानल्यासारखंच. आणि पाठलागाची मुळातच मला आवड नाही. गोळी जितकी वर, तितकी मानेतली पकड तोकडी. कुणी आट्यांत रुतवूनच भरायला लागलं तर दाब चढतो, आणि न मारता काडतूस बाहेर काढायची वेळ आली तर गोळी नळीत अडकून दारू ॲक्शनमध्ये, म्हणजे रायफलीच्या यंत्रणेत, सांडू शकते. रेंजवर थांबण्याचा आदेश कधीही येतो, तेव्हा ही कटकट कुणाला हवी?

दुसरा रस्ता म्हणजे खोल जाणं. लांब जंप म्हणजे ढिसाळ अचूकता असा एक पक्का समज आहे, पण वेदरबीच्या रायफलींचे घसे पिढ्यानपिढ्या लांबच राहिले आहेत आणि त्या छान मारतात. बर्जर कंपनीही आपल्या लांब, निमुळत्या व्हीएलडी गोळ्यांसाठी आट्यांपासून १२० थाउ दूरपर्यंत चाचणी घ्यायला सांगते. कारखान्याच्या काडतुसाने तर याच नळीत कौल दिलेला होता.

एक सावधगिरी मात्र सोडली नाही. गोळी खोल बसली की केसमधली मोकळी जागा कमी होते आणि तोच भार जास्त दाब करतो. घसा झिजल्याने दाब थोडा उतरलेला असतो हे खरं, पण दोन्हींची वजाबाकी मनातल्या मनात करून भार तोच ठेवणं मला मान्य नाही. भार खाली आणला आणि पुस्तकातल्या मर्यादेत राहून टप्प्याटप्प्याने वर नेला. प्रत्येक टप्प्याला बोल्ट किती जड उचलतोय, प्रायमरच्या कडा कशा दिसताहेत आणि वेग अपेक्षेबाहेर पळत नाही ना, हे पाहिलं. कुठलीच खूण न दिसता तो जुन्या भारावर पोचला, मगच जंपची चाचणी सुरू केली. भाराचा आकडा मी मुद्दाम देत नाही. तो त्या नळीचा, त्या केसचा आणि त्या डब्याचा आहे, दुसऱ्याच्या काहीही उपयोगाचा नाही.

चाचणी बेन ॲव्हरीच्या रेंजवर घेतली, भल्या सकाळी, कारण फिनिक्सच्या उन्हात नंतर मृगजळ नाचायला लागलं की दुर्बिणीतून लक्ष्य जागेवर राहत नाही. पाच जंपा ठरवल्या: २०, ४०, ६०, ८० आणि १००. वीसची काडतुसं हातानेच एकेक घालायची, केवळ तुलनेसाठी. प्रत्येक जंपच्या दहा गोळ्या, पण एकदम दहा नाहीत. पाच लक्ष्यं शेजारी शेजारी लावली आणि आळीपाळीने प्रत्येकावर एक-एक गोळी मारत गेलो. असं केलं की नळीचं तापणं, वाऱ्याची झुळूक, नेमबाजाचा थकवा हे सगळं पाचही जंपांत सारखं वाटलं जातं. एका जंपच्या दहा गोळ्या थंड नळीतून आणि दुसरीच्या तापलेल्या नळीतून गेल्या तर आपण जंप तपासत नसतो, तापमान तपासत असतो.

तीन गोळ्यांचे ग्रुप पाहून सेटिंग ठरवणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, ते करू नका. काहीही न बदलता तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मारत गेलं तरी त्यांच्या आकारात सरासरीच्या सदतीस टक्क्यांच्या आसपास प्रमाण विचलन असतं, पाच गोळ्यांना सव्वीस टक्क्यांच्या आसपास. एखादा देखणा ग्रुप निव्वळ नशिबाने पडतो आणि माणूस वर्षभर त्याच्या मागे लागतो. म्हणून आम्ही टोकाच्या दोन गोळ्यांमधलं अंतर न धरता, मध्यापासून दहाही गोळ्यांच्या अंतरांची सरासरी काढली. तिच्यात प्रत्येक गोळीला मत असतं. तरीही दहा गोळ्यांवर सतरा टक्क्यांच्या आसपास डुगडुग उरतेच.

आकडे असे आले, इंचांत: वीसला ०.२१, चाळीसला ०.२७, साठला ०.३८, ऐंशीला ०.२५, शंभरला ०.२२. वीस, ऐंशी आणि शंभर यांतला फरक डुगडुगीच्या आतला आहे, त्यांत पहिला-दुसरा नंबर लावण्यात अर्थ नाही. पण साठ बाकीच्यांपासून स्पष्ट वेगळा पडला, आणि त्याची जुनी काडतुसं नेमकी साठवरच जाऊन बसली होती. नळीने हळूहळू, थाउ-थाउ करत त्याला चांगल्या जागेवरून वाईट जागेवर आणून सोडलं होतं.

पुढच्या फेरीत ७५ ते ११० च्या दरम्यान बारीक पावलं टाकली. ऐंशीपासून एकशे पाचपर्यंत ग्रुप जवळपास सपाट राहिले, एकशे दहाला वाढल्यासारखे वाटले. म्हणजे सुमारे पंचवीस थाउंची रुंद खिडकी मिळाली. यातलं कुठलं माप घ्यायचं? तो मधलं घेणार होता, ब्याण्णव-त्र्याण्णव. मी पंच्याऐंशी घ्यायला सांगितलं. नळी झिजत जाणार, आटे पुढे सरकणार, म्हणजे जंप आपोआप वाढणारच. ती कमी कधीच होणार नाही. मग खिडकीत शिरायचं ते अलीकडच्या कडेने, आणि नळीला आपल्याला खिडकीभर पुढे नेऊ द्यायचं. अठराशे गोळ्यांत ४१ थाउ, म्हणजे शंभर गोळ्यांना सव्वादोनच्या आसपास. झीज अशी सरळ रेषेत चालत नाही हे मान्य, पण अंदाजाला पुरे. पंच्याऐंशीवरून एकशे पाचपर्यंत वीस थाउ, म्हणजे डायला हात न लावता आठ-नऊशे गोळ्या निघतील. मधून सुरुवात केली असती तर पाच-सहाशेच. ज्या खिडकीची रुंदी सापडली आहे तिचा असा उपयोग न करणं मला वाया घालवल्यासारखं वाटतं. एका थाउच्या टोकदार माथ्यावर बसलेल्या सेटिंगपेक्षा, माथा जरा बुटका असला तरी सपाट पठार कधीही चांगलं.

पंच्याऐंशीला काडतुसाची लांबी २.८१६ इंच झाली आणि मॅगझिनचा प्रश्न आपोआप मिटला.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं विषयांतर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, ती रायफल .२२ रिमफायरची. रिमफायर काडतूस घरी पुन्हा भरायची सोय नाही, गोळी खालीवर करण्याचा प्रश्नच येत नाही. पण नळीचा चोखंदळपणा तिथेही आहेच. म्हणून त्या खेळातले वरच्या पातळीचे नेमबाज एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं स्वतःच्या नळीतून तपासतात आणि जो लॉट मानवला त्याचा साठा करून ठेवतात. एली, लापुआ अशा कंपन्या त्यासाठी चाचणी केंद्रंच चालवतात, तिथे रायफल पकडीत घट्ट बसवून लॉटमागून लॉट मारले जातात. इथे आपण गोळी नळीला जुळवतो, तिथे नळीला जुळणारी गोळी शोधतात.

त्याच्या वहीत आता एक नवा रकाना आहे. दर तीनशे गोळ्यांनंतर चेंबर साफ करून, बोल्ट मोकळा करून, पुडीतल्या त्याच गोळीने आट्यांचं माप घ्यायचं आणि तारखेसह लिहायचं. गोळ्यांचा नवा लॉट आला की जुन्या लॉटशी कम्पॅरेटरवर तुलना करून फरक त्याच पानावर टाकायचा. डायवर मार्करने लिहिलेला जुना आकडा त्याने पुसून टाकला आणि तिथे जंप लिहिली.

पहिल्या तीनशेनंतर माप घेतलं तेव्हा आटे सहा थाउ पुढे गेले होते. म्हणजे जंप एक्क्याण्णव, खिडकीच्या आतच. डायला हात लावला नाही. त्या आठवड्यात शंभर यार्डांवर मारलेल्या दहा गोळ्यांची सरासरी ०.२३ आली.